मदरबोर्ड बदलताना हिटसिंक कसा काढायचा: ओढू नका, फिरवा

वळवाचा एखादा जोरदार पाऊस झाला, जवळपास कुठंतरी वीज पडली, की दुसऱ्या दिवशी कोल्हापुरातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांकडं कॅबिनेट घेऊन लोक उभे असतात. कुणाचा पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी, कुणाचं बटण दाबलं तरी मशीन ढिम्म. कधी एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) गेलेला असतो, कधी मदरबोर्ड. प्रोसेसर मात्र बहुतेक वेळा ठणठणीत असतो. मग बोर्ड तेवढा नवा किंवा सेकंडहँड आणायचा आणि जुना प्रोसेसर त्यावर बसवायचा, हा सरळ हिशेब. गंमत अशी की विजेच्या तडाख्यातून वाचलेला प्रोसेसर नेमका इथंच, माणसाच्या हातानं मरतो. प्रोसेसरवरचा हिटसिंक, म्हणजे त्याची उष्णता ओढून घेणारा धातूच्या पात्यांचा ठोकळा, उपटताना.

पहिल्यांदाच कॅबिनेट उघडणाऱ्यांसाठी हे लिहितोय. बोर्ड बदलण्याची बाकीची कामं, म्हणजे स्क्रू, वायरी, रॅम वगैरे, व्हिडिओ बघून कुणालाही जमतात. हिटसिंकचं तसं नाही. तिथं किती जोर लावायचा हे व्हिडिओत दिसत नाही.

तो चिकटतोच का?

प्रोसेसरचं वरचं धातूचं झाकण आणि हिटसिंकचा तळ हे दोन्ही सपाट असतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचाखोचा भरायला मध्ये थर्मल पेस्ट असते. नवीन असताना ती मऊ असते. दोन-चार वर्षं रोज तापणं-थंड होणं झालं की तिच्यातला तेलकट भाग कमी होतो आणि ती घट्ट बसते. शिवाय दोन्ही पृष्ठभागांमध्ये हवाच उरलेली नसते, त्यामुळे सरळ वर ओढलं की ते एकमेकांना सोडत नाहीत.

उद्यमनगरात मशीन शॉपमध्ये काम केलेल्याला हे समजवावं लागत नाही. स्लिप गेजचे, म्हणजे मोजमापासाठीचे अगदी गुळगुळीत, दोन ठोकळे एकमेकांवर घासून चिकटवले, की ते ओढून सुटत नाहीत. एकावरून दुसरा जरा पिळून सरकवला की मात्र अलगद वेगळे होतात. हिटसिंकचंही तेच. वर ओढायचा नाही, जागच्या जागी थोडा डावी-उजवीकडं फिरवायचा. आतला थर सुटला की मग उचलायचा.

तुमचा प्रोसेसर कुठल्या जातीचा?

धोका सगळ्यांना सारखा नाही, म्हणून हे आधी ओळखा.

एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) प्रोसेसरला, म्हणजे रायझन १००० पासून ५००० मालिकेपर्यंत, खालून पिना असतात. तब्बल १३३१. सॉकेटमध्ये लिव्हर पाडला की त्या पिना बाजूनं धरल्या जातात, पण वरून प्रोसेसर दाबून धरणारं काहीच नसतं. साहजिकच पेस्टची पकड सॉकेटच्या पकडीपेक्षा जास्त झाली, तर लिव्हर बंद असतानाही हिटसिंकबरोबर प्रोसेसर उपटून वर येतो. तो तिरका आला की कडेच्या पिना वाकल्याच. घराघरात अजून हे प्रोसेसर बरेच आहेत, त्यामुळे या लेखातला बराचसा सावधपणा त्यांच्यासाठी आहे.

इंटेलनं २००४ मध्ये एलजीए ७७५ हा सॉकेट आणला तेव्हापासून त्यांच्या डेस्कटॉप प्रोसेसरला पिना नाहीत. पिना सॉकेटमध्ये असतात आणि प्रोसेसर वरून धातूच्या चौकटीनं आवळलेला असतो. तो उपटून येत नाही. एएमडीनंही २०२२ मध्ये एएम५ आणताना हीच पद्धत धरली. इथं हिटसिंक काढताना फारशी भीती नसते, भीती असते ती नंतर उघड्या सॉकेटमध्ये काहीतरी पडण्याची. एखादा स्क्रू त्या पिनांवर पडला, की बोर्ड गेला समजा.

सुट्टीच्या दिवशी, पण दुकानं उघडी असताना

हे काम रविवारी रात्री काढू नका. मध्येच पेस्ट कमी पडली, एखादा स्क्रू हरवला, तर राजारामपुरी किंवा शाहूपुरीकडं गाडी काढता आली पाहिजे.

थर्मल पेस्टची एक छोटी ट्यूब लागेल. जुन्या पेस्टवर पुन्हा हिटसिंक बसवायचा नसतो, ती परत नीट पसरत नाही. पेस्ट पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल हवं, ९९ टक्क्यांचं मिळालं तर उत्तम. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात ‘आयपीए’ म्हटलं की बाटली पुढं येते. सॅनिटायझर चालेल का, असं हमखास विचारलं जातं. नाही चालणार. त्यात ग्लिसरीन आणि सुगंध असतात, ते मागं चिकट थर ठेवतात. रॉकेल, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांचं तर नावच नको. चष्मा पुसायची दोन जुनी फडकी, कोपऱ्यांसाठी कापसाच्या काड्या आणि मध्यम आकाराचा, लांब दांड्याचा स्टार स्क्रू ड्रायव्हर घ्या. स्क्रू ड्रायव्हरवर पैसे वाचवू नका. टोक गोल झालेला स्क्रू ड्रायव्हर हिटसिंकच्या स्प्रिंगच्या स्क्रूवर घसरतो आणि घसरला की थेट बोर्डावर ओरखडा.

नवा बोर्ड आणण्यापूर्वी दोन गोष्टी बघाच. सॉकेट तोच आहे ना, हे पहिलं. दुसरं, तुमचा प्रोसेसर त्या बोर्डाच्या बायोसमध्ये (बोर्डातलं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) चालतो का. एएम४ चे जुने बोर्ड रायझन ५००० सोबत घेताना हा घोळ फार होतो. सॉकेट जुळतो, प्रोसेसर बसतो, पण बायोस जुना असल्यानं स्क्रीनच येत नाही. काही बोर्डांवर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असतं, त्यानं प्रोसेसर न बसवताही पेनड्राइव्हवरून अपडेट होतो. नसेल तर दुकानदाराकडूनच अपडेट करून घ्या आणि मगच पैसे द्या. इंटेलच्या १२ ते १४ व्या पिढीसाठी बोर्ड घेताना रॅमही तपासा. एकाच एलजीए १७०० सॉकेटचे डीडीआर४ आणि डीडीआर५ असे दोन्ही तऱ्हेचे बोर्ड मिळतात.

आणखी एक, ज्याचा हिटसिंकशी संबंध नाही पण मनस्ताप मोठा आहे. विंडोजमध्ये ड्राइव्हचं एन्क्रिप्शन (डेटाला लावलेलं कुलूप) चालू असेल, तर बोर्ड बदलल्यावर ते ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. नव्या लॅपटॉप-डेस्कटॉपवर हे बरेचदा आपल्या नकळत चालू झालेलं असतं. आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मोबाइलवरून लॉगिन करून ती की आधी कागदावर उतरवून ठेवा. बोर्ड आधीच मेलेला असला तरी हे करता येतं.

आधी तापवा

मशीन चालू होत असेल, तर सरळ १० ते १५ मिनिटं चालवा. नुसता डेस्कटॉप उघडून ठेवू नका, प्रोसेसरला काम द्या. गेम लावा, नाहीतर एखादी मोठी फाइल झिप करायला टाका. पेस्ट कोमट झाली की मऊ पडते आणि निम्मं काम तिथंच होतं. उत्साहाच्या भरात क्लिपा आधीच सैल करून मशीन चालवणारे महाभाग असतात. तसं करू नका. हिटसिंक नीट टेकलेला नसेल तर प्रोसेसर काही सेकंदांतच तापतो आणि मशीन बंद पडतं.

मग शट डाउन करा. स्लीप नव्हे. भिंतीवरचं बटण बंद करून भागत नाही, एसएमपीएसची वायर मागून काढा. यूपीएसला जोडलेलं असेल तर विसरू नका, भिंतीवरची लाइट गेली तरी यूपीएस आतून करंट देत राहतो. वायर काढल्यावर कॅबिनेटचं पॉवर बटण दहाएक सेकंद दाबून धरा, आत उरलेला चार्ज उतरतो. कधीकधी पंखा क्षणभर फिरून थांबतो, घाबरू नका.

आता मात्र चहाला जाऊ नका. तापवलेलं आहे तोवर, पाच-सात मिनिटांत हिटसिंक निघाला पाहिजे. स्क्रू ड्रायव्हर शोधण्यात वेळ गेला तर तापवण्याचा उपयोग राहत नाही.

कॅबिनेट आडवं टाका, बोर्ड जमिनीला समांतर यायला हवा. उभ्या कॅबिनेटमध्ये हिटसिंक सोडला की शेवटचा स्क्रू निघताच तो स्वतःच्या वजनानं खाली लोंबतो आणि प्रोसेसरला तिरका खेचतो. काम टेबलावर करा, सतरंजीवर नको. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला अधूनमधून हात लावत राहा. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडं हवाच इतकी दमट असते की स्टॅटिकचा प्रश्न कमी येतो. डिसेंबर-जानेवारीत, अंगात लोकरीचा स्वेटर असेल तर तो काढून बसा.

बोर्ड कॅबिनेटमध्ये असतानाच हिटसिंक काढावा की बोर्ड बाहेर घेऊन? माझं मत पहिल्याला. बोर्ड स्क्रूंनी घट्ट बसलेला असतो, हिटसिंक फिरवताना तो हलत नाही आणि वेळ न गेल्यानं पेस्टही गरम असते. शिवाय उंच टॉवर कुलर (पंखा लावलेला उभा, मोठा हिटसिंक) लावलेला बोर्ड बाहेर काढताना लोक नकळत त्या टॉवरलाच मूठ समजून धरतात आणि सगळं वजन प्रोसेसरवर येतं. मोठं ग्राफिक्स कार्ड आड येत असेल तर ते मात्र आधी काढून घ्या.

सुरुवातीलाच मोबाइलवर चार-पाच फोटो काढा: पंख्याची वायर कुठं आहे, हिटसिंकचं तोंड कुठल्या बाजूला आहे, समोरच्या बटणांच्या बारीक वायरी कशा लावल्यात. त्या बारीक वायरींचा फोटो नसेल तर संध्याकाळी पश्चात्ताप होतो.

क्लिपा आणि स्क्रू

आधी पंख्याची वायर काढा. वायरीला धरून नाही, पांढऱ्या किंवा काळ्या प्लास्टिकच्या तोंडाला धरून. हे विसरून हिटसिंक उचलला तर वायर ताणली जाते आणि बोर्डावरच्या पिना वाकतात.

इंटेलच्या पेटीतल्या गोल हिटसिंकला चार कोपऱ्यांत प्लास्टिकच्या चार पुश-पिना असतात. प्रत्येकीच्या डोक्यावर खाच आणि बाण असतो. बाणाच्या दिशेनं, म्हणजे घड्याळाच्या उलट, पाव फेरा फिरवा आणि ती पिन वर ओढा. ‘टक्’ असा आवाज येतो. चारही पिना अशाच वर आणा आणि मगच हिटसिंकला हात लावा. तीन सुटल्या, चौथी अडकली आणि माणसानं जोर लावला, असं झालं की बोर्ड वाकतो.

एएमडीच्या हिटसिंकमध्ये दोन प्रकार आहेत. एकात बाजूला काळा लिव्हर असतो. तो पूर्ण उलट्या बाजूला फिरवला की धातूची पट्टी सैल पडते, मग ती दोन्हीकडच्या प्लास्टिकच्या दातांतून सोडवायची. पट्टी अडली तर तिच्याखाली स्क्रू ड्रायव्हर घालून तरफेसारखी उचकटू नका, लिव्हर पूर्ण फिरलाय का ते पुन्हा बघा. बहुतेक वेळा तो अर्धाच फिरलेला असतो.

दुसऱ्या प्रकारात चार कोपऱ्यांत स्प्रिंगचे चार स्क्रू असतात, एएमडीच्या पेटीतल्या रेथ स्टेल्थ या हिटसिंकला असतात तसे. एक स्क्रू पूर्ण काढून मग दुसऱ्याकडं जायचं नाही. एक-दोन फेरे इथं, मग समोरच्या तिरक्या कोपऱ्यात एक-दोन फेरे, असं आळीपाळीनं सैल करत जायचं. नाहीतर एका बाजूचा दाब सुटतो आणि दुसऱ्या बाजूला प्रोसेसर चेपतो. एएम४ वर इथं आणखी एक गोष्ट होते: हे स्क्रू निघाले की बोर्डामागची धातूची पाटी सुटून पडते. काहीतरी तुटलं असं वाटून पोटात गोळा येतो, पण तुटलेलं काही नसतं. कॅबिनेटच्या मागच्या बाजूला बहुधा चौकोनी खिडकी असते, तिथून हात घालून पाटी धरून ठेवा. ती नव्या बोर्डाला लागतेच असं नाही, कारण एएम४ च्या नव्या बोर्डाबरोबर साधारण पाटी येते, पण जुनी टाकून देऊ नका. एएम५ वर ही पाटी सॉकेटच्या चौकटीलाच बांधलेली असते, ती पडत नाही.

उंच टॉवर कुलर असेल तर आधी त्याचा पंखा तारेच्या क्लिपातून मोकळा करा, मग आतले दोन स्क्रू दिसतात. तेही असेच आळीपाळीनं.

आता फिरवायचा

सगळं मोकळं झालंय. हिटसिंकला पात्यांच्या टोकाला धरू नका, ती वाकतात आणि हातालाही लागतात. बोटं जितकी खाली, तळाजवळ नेता येतील तितकी न्या. बोर्डाशी समांतर राहून आधी डावीकडं थोडासा फिरवा, मग उजवीकडं. घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात सरकतो तेवढंच पहिल्यांदा. वर ओढायचा मोह आवरा. खरं तर हलका खाली दाब ठेवूनच फिरवा, म्हणजे वर उचलला जाणारच नाही.

पहिल्या दोन-तीन वेळा काहीच हलत नाही. मग अचानक बोटांना कळतं, आतला थर सुटायला लागला. अडखळत फिरणारा हिटसिंक तेलकटपणे फिरायला लागतो. तरीही लगेच उचलू नका. दोन्ही बाजूंना आणखी थोडं फिरवा, जागा असेल तर किंचित पुढं-मागं सरकवा आणि मग एक कड आधी न उचलता सगळाच सरळ वर घ्या. ‘चुक्’ असा हलका आवाज येऊन तो निघतो. निघाल्यावर पहिलं काम, प्रोसेसर सॉकेटमध्येच आहे ना ते बघायचं.

लिव्हरवाल्या एएमडी हिटसिंकला दोन्हीकडच्या प्लास्टिकच्या चौकटी आड येतात, फार फिरवता येत नाही. फिरतोय तेवढा फिरवा, पण जास्त वेळा. चौकटीच फार अडवत असतील तर त्यांचे स्क्रू काढून त्याही बाजूला करता येतात.

एक जुगाडही सांगून ठेवतो. कुलर अरुंद असेल आणि एएम४ सॉकेटचा लिव्हर बोटाला लागत असेल, तर फिरवण्याआधी तो जरा बाहेर ढकलून उभा करा. पिनांची पकड सुटते, मग हिटसिंकला प्रोसेसर चिकटून आलाच तरी पिना सहसा वाकत नाहीत. रुंद हिटसिंकाखाली लिव्हर झाकलेला असतो, तिथं हे जमत नाही.

बोर्ड मेलेला असेल तर

चालू होत नसलेलं मशीन तापवणार कसं? हेअर ड्रायरनं. मध्यम उष्णतेवर, वीतभर अंतरावरून, पात्यांच्या मधून तळाकडं हवा जाईल असा धरा. चार-पाच मिनिटं. एका जागी रोखून धरू नका, प्लास्टिकच्या क्लिपा मऊ पडतात. पाती हाताला चांगली गरम लागली की थांबा आणि लगेच फिरवायला घ्या. ड्रायर चालू असताना अल्कोहोलची बाटली टेबलावर नको, ती दुसऱ्या खोलीत ठेवा. त्याच्या वाफा पेट घेतात. ‘जाळ अन् धूर संगटच’ हे गाडीच्या मागं लिहायला ठीक आहे.

तरीही सुटत नसेल, तर दात साफ करायचा फ्लॉस किंवा मासेमारीची बारीक तंगूस घ्या. हिटसिंक आणि प्रोसेसरच्या झाकणामधल्या फटीत ती घालून दोन्ही टोकं धरून करवतीसारखी हळूहळू ओढा. वेळखाऊ काम आहे, पण होतं. त्या फटीत स्क्रू ड्रायव्हर, सुरी, ब्लेड घालू नका. झाकणाखालची हिरवी पाटी फार पातळ असते.

पुराच्या पाण्यातून निघालेल्या मशीनची गोष्ट वेगळी. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांनंतर चिखलानं भरलेली कॅबिनेट बरीच बघितली. असं मशीन ‘तापवायला’ म्हणून कधीही चालू करायचं नाही. सगळं उघडून, धुऊन, काही दिवस पूर्ण वाळवून मग ड्रायर. आणि राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी गाठली, घर नदीकाठच्या भागात असेल, तर पहिल्यांदा कॅबिनेट माळ्यावर टाका, बाकीचं नंतर.

प्रोसेसर हिटसिंकबरोबर आलाच तर

होतं असं. एका ओळखीच्या पोराचा फोन आला होता, आवाज रडवेला. ‘दादा, हिटसिंकसंगट प्रोसेसरबी वर आला की ओ!’ त्याला पहिलं वाक्य हेच सांगितलं: खाली ठेवू नकोस. घाबरून माणूस हिटसिंक टेबलावर तसाच टेकवतो आणि शाबूत असलेल्या पिनाही चेपतात. हिटसिंक उलटा करा, पाती खाली, पिना आकाशाकडं, आणि असाच स्थिर ठेवा.

आता बोर्ड बाजूला आहे, म्हणजे घाई संपली. ड्रायरनं हिटसिंकची बाजू तापवा. प्रोसेसर फक्त दोन समोरासमोरच्या कडांना धरून जागच्या जागी फिरवा. पिनांना बोट लागू देऊ नका. नाही फिरला तर जुनं एटीएम कार्ड कोपऱ्यातून आत सरकवून बघा. सुटतो.

मग मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा धरून पिनांच्या रांगेतून बघा. सरळ पिना एका ओळीत दिसतात, वाकलेली पिन ओळीतून बाहेर आलेली दिसते. दुसऱ्या दिशेनंही बघा. कॅमेऱ्यानं झूम करून फोटो काढला तर जास्त स्पष्ट दिसतं. थोडी वाकलेली पिन सरळ करायला शिसं काढलेली ०.५ किंवा ०.७ ची क्लच पेन्सिल कामाला येते: तिचं पोकळ टोक पिनेवर घालायचं आणि अगदी थोडं-थोडं उभं करायचं. एकाच दमात सरळ करायला गेलात तर पिन मुळातून तुटते. पूर्ण झोपलेल्या पिना असतील, किंवा तुमचा हात थरथरत असेल, तर मायक्रोस्कोपखाली मोबाइलचं चिप-लेव्हल काम करणाऱ्याकडं द्या. त्यांचं रोजचं काम आहे ते. इंटेल किंवा एएम५ च्या सॉकेटमधल्या पिना वाकल्या असतील, तर तिथं घरी पेन्सिलचे प्रयोग करू नका. त्या पिनांचा आकार वाकडाच असतो, आपल्याला सरळ काय आणि वाकडं काय हेच कळत नाही.

पुसणं आणि हलवणं

पेस्ट पुसायचं काम प्रोसेसर जुन्या सॉकेटमध्ये आवळलेला असतानाच करा, हातात धरून नको. आधी कोरड्या फडक्यानं जाड थर काढा, मग अल्कोहोलचे दोन थेंब फडक्यावर घ्या, थेट प्रोसेसरवर ओतू नका. कडेकडून मध्याकडं पुसा, म्हणजे पेस्ट सॉकेटच्या बाजूला जात नाही. झाकणावर आपला चेहरा धूसर का होईना दिसायला लागला की झालं. एएम५ च्या झाकणाला कडेनं खाचा असतात आणि त्यात बारीक कपॅसिटर उघडे असतात, तिथं कापसाची काडी हलक्या हातानं. हिटसिंकचा तळही असाच. त्याच्या पात्यांत धूळ भरलेली असेल तर ती आत्ताच ब्रशनं काढून टाका. गुऱ्हाळाजवळच्या गावांत तर हंगामात त्या धुळीत काजळीही मिसळते आणि पात्यांमध्ये वाकळ तयार होते.

प्रोसेसर काढताना लिव्हर थोडा दाबून बाहेर सरकवा आणि पूर्ण उभा करा. एएम४ मध्ये तो मग आपोआप मोकळा होतो, जोर लागतच नाही. इंटेल आणि एएम५ मध्ये चौकट उचलायची आणि प्रोसेसर कडांना धरून सरळ वर घ्यायचा. नव्या सॉकेटमध्ये ठेवताना एका कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा. नुसता ठेवायचा. एएम४ मध्ये तो स्वतःच्या वजनानं खाली बसतो, बसत नसेल तर वरून दाबू नका, एखादी पिन वाकडी आहे असं समजा. इंटेलच्या नव्या बोर्डावर काळी प्लास्टिकची टोपी असते. प्रोसेसर ठेवून लिव्हर पाडला की ती टोपी स्वतःच उडून निघते. लिव्हर पाडताना करकर आवाज येतो, बराच जोरही लागतो. पहिल्यांदा करणाऱ्याला धडकी भरते, पण ते तसंच असतं.

मध्ये बोर्ड बदलायचं काम. त्याबद्दल एकच गोष्ट: कॅबिनेटमधले पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर टेकतो ते छोटे खांब) नव्या बोर्डाच्या भोकांशी जुळवून बघा. भोक नाही तिथं स्टँडऑफ राहिला तर तो बोर्डाला मागून टेकतो आणि शॉर्ट होतो.

पेस्ट मध्यभागी मसुराच्या दाण्याहून थोडी मोठी. इंटेलच्या १२ व्या पिढीपासूनचे प्रोसेसर लांबट असतात, त्यांना मध्ये उभी रेघ काढा. बोटानं पसरवू नका, हिटसिंकचा दाब ते काम करतो. हिटसिंक सरळ वरून ठेवा. टेकल्यावर पुन्हा उचलून ‘पसरली का’ ते बघू नका, आत हवा शिरते. स्क्रू पुन्हा तसेच तिरके, आळीपाळीनं. पुश-पिना असतील तर चारही डोकी आधी मूळ जागी, घड्याळाच्या दिशेनं, फिरवून घ्या आणि मग तिरक्या जोड्यांनी दाबा. बोर्डाच्या मागून चारही टोकं पूर्ण बाहेर आलीत का ते बघा. हे तर बोर्ड कॅबिनेटमध्ये टाकण्याआधीच करणं सोपं.

पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ असं छापलेल्या जागीच लावा. दुसऱ्या जागी लावली तर पंखा फिरतो, पण मशीन फॅन एरर दाखवून अडून बसतं.

चालू केल्यावर

एएम५ चा नवा बोर्ड पहिल्यांदा चालू करताना रॅम ओळखायला काही मिनिटं घेतो आणि तेवढा वेळ स्क्रीन काळीच असते. लगेच बंद करून सगळं पुन्हा उघडायला बसू नका. एएमडीच्या बोर्डावर ‘नवा प्रोसेसर आढळला, एफटीपीएम रीसेट करू का’ असा प्रश्न येऊ शकतो (एफटीपीएम म्हणजे एन्क्रिप्शनची किल्ली जपणारा भाग). रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवली असेल तर बिनघोर ‘वाय’ दाबा.

विंडोजमध्ये जाण्याआधी बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरचं तापमान बघा. ३५ ते ५५ अंशांच्या दरम्यान स्थिर असेल तर ठीक, उन्हाळ्यात थोडं जास्त चालतं. डोळ्यांसमोर ७०, ८०, ९० असं चढत असेल तर लगेच बंद करा. पुश-पिन बसलेली नसते, किंवा नव्या कुलरच्या तळावरचा पारदर्शक प्लास्टिकचा कागद काढायचा राहिलेला असतो. दुसरं कारण विनोदी वाटतं, पण दुरुस्तीवाल्यांना विचारून बघा.

इंटेल किंवा एएम५ चा जुना बोर्ड वॉरंटीत असेल तर नव्या बोर्डाची ती काळी टोपी त्याच्या सॉकेटवर बसवूनच दुकानदाराकडं द्या. टोपीशिवाय आलेला बोर्ड, आतली एक पिन जरी हललेली दिसली, तर ‘फिजिकल डॅमेज’ म्हणून परत येतो. देण्याआधी सॉकेटचा जवळून एक फोटोही काढून ठेवा.